पोलेच्या चिठ्ठ्या

गंगाधर पोलेला ‘तुमचं चुकलंय’ असं कुणी सांगितलं, तर तो रागवत नसे आणि ओशाळतही नसे. तो विचारी, “कुठं?” ते समजलं की पुढचा प्रश्न, “मंग काय पायजे होतं?” या दोन प्रश्नांनी आमच्या ऑफिसातली निम्मी भांडणं जागीच थंड होत, कारण चूक काढणाऱ्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा नसे.

परभणीतलं ते ऑफिस कोणतं, हे सांगत नाही. नोकरीची इच्छा असलेल्यांची नावं नोंदवून घ्यायची आणि जागा निघाली की क्रमाने यादी पाठवायची, एवढंच त्याचं काम. अर्ज ज्या दिवशी ‘स्वीकृत’ होई, त्या दिवसापासून माणसाचा क्रमांक धरला जाई, आणि वयही त्याच दिवशीचं. त्यामुळे अर्ज परत जाणं म्हणजे रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेपटाला उभं राहणं. परत करण्यासाठी आमच्याकडे एक रबरी शिक्का होता: ‘त्रुटी असल्याने परत.’ कोणती त्रुटी, ते शिक्क्याला माहीत नसे. मारणाऱ्यालाही दुपारी जेवल्यानंतर आठवत नसे. बोरीचा एक माणूस चार वेळा आला. एकदा फोटो नव्हता, एकदा सही राहिली होती, एकदा दाखल्याची नक्कल साक्षांकित नव्हती, चौथ्यांदा अर्जच जुन्या नमुन्यातला निघाला. पाचव्यांदा तो आला तेव्हा अर्ज निर्दोष होता, फक्त त्याचं वय उलटून गेलं होतं. तो शिक्का सहा वर्षं माझ्या टेबलावर होता, म्हणून इतक्या खात्रीने सांगतो.

पोले आमच्याकडे आला तो संख्याशास्त्राची पदवी आणि दोन खादीचे शर्ट घेऊन. चारठाण्याच्या बाजूचा, मेंढपाळाच्या घरातला. उंच, हाडकुळा, आणि चालताना समोर शंभर मेंढरं असावीत तसा बेताने चालणारा. खुर्चीत बसून जेवत नसे, खिडकीशी उभा राहून भाकरी खाई. कागद हातात आला की शेवटपर्यंत वाची. भज्यांचा पुडा बांधून आलेला कागदसुद्धा उलटून मागची बाजू पाही. काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला ‘पाव्हणं’ म्हणे. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कुणाचं आडनाव विचारलं तरी माणूस आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून घेई. पोले आडनाव शेवटी विचारायचा. आधी गाव, मग गावात पाणी किती पुरुस खाली गेलंय, मग नाव, आणि आडनाव जमलं तर.

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला. तो येणार म्हणून एका खोलीला एसी बसवला. साहेबांच्या केबिनला पंखाच होता, त्यामुळे उन्हाळाभर साहेबांच्या सगळ्या बैठका कॉम्प्युटरच्या खोलीत होऊ लागल्या. उद्घाटनाला मशीनला हार घातला, समोर नारळ फोडला. पाणी कळफलकाच्या दिशेने उडालं तेव्हा पोलेने हातातली फाईल मध्ये धरली. सगळ्या समारंभात उपयोगाची अशी तेवढीच एक कृती झाली. साहेबांनी भाषणात सांगितलं, “संगणक कधी चुकत नाही.” पोले माझ्या कानाशी पुटपुटला, “चुकत न्हाई म्हंजी त्याला चुकलं म्हून सांगनारंच कुनी न्हाई, अण्णा.”

मुख्य कार्यालयाकडून प्रोग्राम तयार आला होता. आमच्या टायपिस्ट कुंभारबाईंनी एकेका अर्जातली माहिती त्यात भरायची: नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण, असे तीसेक रकाने. सगळं भरून बटण दाबलं, की एखाद्या रकान्यात गडबड असली तर मशीन पिंक करून ओरडे, पडद्यावर ‘अवैध नोंद’ अशी अक्षरं येत आणि भरलेलं सगळं पुसलं जाई. कुठे अवैध, का अवैध, काही नाही. बाई पुन्हा तीस रकाने भरत. पुन्हा पिंक. तिसऱ्या दिवशी बाई पोलेला म्हणाल्या, “दादा, याच्यापेक्षा अण्णांचा शिक्का बरा होता. तो निदान ओरडत नव्हता.”

मी मान खाली घातली. पण पोलेला त्यात काहीतरी सापडलं. तो आठवडाभर प्रोग्राम उलगडत बसला. काय करतोस, असं विचारलं तेव्हा त्याने मला त्याच्या बापाची गोष्ट सांगितली. बाप मेंढरू एकदाच धरायचा. धरलं की खूर, दात, डोळे, कास, लोकर, सगळं एका दमात बघायचा आणि जिथं दुखतंय त्या जागेवर गेरूचं बोट लावायचा. “खूर बघून सोडलं, मंग दात बघायला पुन्यांदा धरलं, तर मेंढरू बी दमतंय आन मानूस बी. आन गेरू भलतीकडंच लावला तर औशिद कुठं चोळायचं?”

पोलेचा प्रोग्राम तसाच झाला. आता तो पहिल्या चुकीशी थांबत नसे. सगळे रकाने तपासून ज्याची चूक त्याच्यासमोर लिही: ‘गाव: या तालुक्यात या नावाचं गाव सापडलं नाही. तालुका पुन्हा पाहा.’ ‘दाखला: क्रमांक आहे, तारीख नाही.’ काही चुका एका रकान्याच्या नसत. जन्माच्या आधीच कुणी चौथी पास झालेला असे. अशा वेळी जन्मतारीख खोटी की शिक्षण खोटं, ते मशीन कसं ठरवणार? असल्या तक्रारी पोले अर्जाच्या तळाशी वेगळ्या छापी, म्हणजे दोष कुणा एका रकान्याच्या माथी बसत नसे. मुख्य म्हणजे नोंद पुसली जात नसे. ती चुकांसकट एका वेगळ्या फाईलमध्ये, आल्या तारखेनिशी थांबून राही. त्या फाईलला त्याने नाव दिलं होतं ‘वाघूर’. वाघूर म्हणजे मेंढ्या बसवायची जाळी. आणि प्रत्येक नोंदीच्या सगळ्या चुकांची एक चिठ्ठी छापून पोस्टाने त्या माणसाच्या घरी जाई. मशीनमध्ये देवनागरीची सोय होती. अक्षरं जरा अंग चोरून उभी राहत, पण वाचता येत.

लोक आता एकदाच येऊ लागले. हातात चिठ्ठी, चिठ्ठीत चार चुका, पिशवीत चार कागद. माझा शिक्का ड्रॉवरमध्ये गेला. एक म्हातारे गृहस्थ मुलाची चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, “निजामाच्या टायमापासून दरखास्ती देतोय सायेब, पन का नामंजूर झाली हे पयल्यांदा कळालं.”

पोलेला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान झाला की माणसाला विनोद सुचतात. पहिल्याच आठवड्यात त्याच्या प्रोग्रामाने कळवलं की निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. पोलेने त्यावर इशारा ठेवला होता: ‘जन्मतारीख: पुन्हा तीच.’ मग कुंभारबाईंनी त्याला समजावलं, की शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात, खुद्द बाईंचीही एक जूनच आहे. पोलेने इशारा काढून टाकला. “ही चूक न्हाई, रीत हाय,” म्हणाला. पण बाकीचे विनोद तसेच राहिले. जन्मतारीख पुढच्या वर्षाची पडली तर पडद्यावर येई: ‘जन्मल्यावर या.’ वडील मुलापेक्षा लहान निघाले तर: ‘वडिलांना घेऊन या, बघू द्या.’ आम्ही तिघं-चौघं चहाच्या वेळी मुद्दाम खोट्या नोंदी भरून हसत असू. सगळ्यांत जास्त मीच हसलो असेन.

जुलैत एक बाई काउंटरवर आली. पेडगावची धुरपता शिंगाडे. डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला, हातात दोन चिठ्ठ्या. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली होती. शिक्षण चौथी पास आणि वय तिशीच्या आत, एवढ्याच अटी. आठवडाभरात यादी जायची होती.

“ह्ये नवं आलंय,” म्हणत तिने एक चिठ्ठी पुढे केली. पोलेने वाचली. जूनमध्ये भरलेल्या अर्जाची ती होती: ‘वय: एक जूनला तीस पूर्ण. या जागेसाठी तिशीच्या आत हवं.’ आणि तळाशी: ‘याच नावाची नोंद एप्रिलपासून आमच्याकडे आहे.’

“बाई, एप्रिलमदी अर्ज दिला होता का तुमी?”

“दिला की. पर तवा ह्ये आलं.” तिने दुसरी चिठ्ठी ठेवली. घडी घालघालून ती चार ठिकाणी फाटायला आली होती. “आमच्या भाच्यानं वाचली. सारी हसली घरात. म्हनलं, आपला अर्ज हानून पाडला. म्हून पुन्यांदा भरला.”

पोलेने चिठ्ठी उघडली. तीत एकच ओळ होती. ‘शिक्षण: वय एकोणतीस, शिक्षण चौथी. इतकी वर्षं काय केलं?’

“इचारलंय तर सांगू का?” धुरपता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आय मेली तवा मी चौथीत. धाकली तिघं. त्येंला वाढिवलं. लगीन झालं, मालकामागं मेंढरं घिऊन आठ म्हयनं रानात. मालक गेल्यावर पोरी दोन. रोज शंभर मान्साचा सैपाक केलाय लग्नाच्या मांडवात, उधार-पाधार न्हाई, हाजरीवर. अजून काय लिवायचं ऱ्हायलं का कागदावर?”

पोलेने तिची एप्रिलची नोंद पडद्यावर काढली. तीसच्या तीस रकाने बरोबर होते. वयाची अट बसत होती, शिक्षणाची बसत होती. नोंद वाघुरीत अडकली होती ती केवळ त्या एका ओळीमुळे, कारण जिच्यावर एकही शेरा आहे ती नोंद पुढे जाणार नाही, असा पोलेचाच नियम होता. आणि तो शेरा चुकीबद्दल नव्हताच. आम्हाला चहाच्या वेळी हसू यावं म्हणून बसवलेला होता. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा चिठ्ठीवर छापला जातो आणि चिठ्ठी पेडगावला जाते, हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“कुठं चुकलं माझं?” तिने विचारलं.

हा तर पोलेचाच प्रश्न होता. “परवा या बाई,” एवढंच म्हणाला.

ती गेल्यावर त्याने चहा घेतला नाही. कुंभारबाईंना बाजूला बसवून प्रोग्रामातला एकेक विनोद शोधून काढला. त्यांच्या जागी काय घालायचं, ते त्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: चूक कोणत्या रकान्यात, आम्हाला तिथं काय दिसलं, तुम्ही काय आणायचं. “याच्या पल्याड एक शबूद न्हाई,” म्हणाला. मी म्हटलं, “पोले, जरा थट्टा केली तर बिघडलं काय? माणसं समजून घेतात.” तो म्हणाला, “अण्णा, तुमी हसताव तवा मी समोर आसतो. ती वाचायली तवा तिच्या समोर कोन होतं?”

राहिला प्रश्न नोंदीचा. साहेब म्हणाले, सोपं आहे, ‘अर्जदाराने त्रुटीची पूर्तता केली’ असं लिहा आणि घ्या आत. हे वाक्य आमच्याकडे छापील होतं. पण त्रुटीची पूर्तता झाली की पूर्ततेच्या दिवसापासून क्रमांक, म्हणजे जुलै, म्हणजे तीस वर्षं पूर्ण, म्हणजे बाद. एप्रिलची तारीख राखायची तर अर्जात त्रुटी नव्हतीच असं लिहायला हवं होतं. मग ती होती कुणात?

पोलेने अर्ध्या पानाची टिप्पणी लिहून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी ती दोन बोटांनी उचलली, ओल्या कपड्यासारखी.

“ऑफिसची चूक झाली, हे ऑफिसनंच लिहायचं? कोणत्या नियमाखाली?”

“नियम न्हाई साहेब. म्हून आतापर्यंत कुनी लिव्हलं न्हाई.”

“पोले, तुमच्या आयुष्याचं नुकसान कराल. त्यात परवा वरून साहेब येणार. ती वाघूर की काय, ती फाईल रिकामी पाहिजे मला. त्रुटी शून्य दिसली पाहिजे.”

“रिकामी म्हंजी पुसून का काडून?”

“कशीही.”

पुसली तर तिची एप्रिलची नोंदही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. पुढचे दोन दिवस पोलेने वाघुरीतल्या नोंदी एकेक करून निकाली काढल्या. चिठ्ठ्या गेल्या, तार गेली, बोरीकडच्या बसच्या कंडक्टरबरोबर निरोप गेले. माणसं कागद घेऊन येत राहिली. वरचे साहेब आले त्या सकाळी वाघुरीत एकच नोंद उरली होती आणि टिप्पणी साहेबांच्या टेबलावर बिनसहीची पडून होती.

वरचे साहेब मात्र गमतीचे निघाले. एसीत बसले, सरबत नाकारलं आणि म्हणाले, माझीच माहिती भरा. भरताना त्यांनी मशीनची परीक्षा घ्यायला गाव कोरं ठेवलं आणि पदवीचं वर्ष जन्माच्या आधीचं सांगितलं. बटण दाबलं. पिंक झालं नाही. गावासमोर ओळ आली, ‘गाव: लिहिलेलं नाही. जन्मगाव किंवा सध्याचं, कोणतंही चालेल.’ तळाशी आलं, ‘जन्मतारीख आणि पदवीचं वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्हींचे दाखले पाहा.’ त्यांच्याही एक जूनच्या जन्मतारखेबद्दल मशीनने अवाक्षर काढलं नाही.

“सभ्य आहे हो तुमचं यंत्र,” वरचे साहेब म्हणाले. “कुणी केलं हे?”

“माझ्या मार्गदर्शनाखाली,” आमचे साहेब म्हणाले.

पोले दाराशी उभा होता. केबिनमधून आणलेली टिप्पणी त्याने पुढे केली. “साहेब, ह्याच्यात एक चूक बी झालीय. ती बी मार्गदर्शनाखाली धरायची का, ते लिव्हलेलं न्हाई.”

वरच्या साहेबांनी अर्धं पान वाचलं, सोबत पिनेने टाचलेली ती फाटकी चिठ्ठी वाचली, आणि चिठ्ठीच पुन्हा वाचली. मग पेन काढून समासात लिहिलं, ‘मान्य. नोंद एप्रिलच्या तारखेने घ्यावी.’ सही केली. सहीखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘संबंधित कर्मचाऱ्यास कारणे दाखवा नोटीस द्यावी.’ दोन्ही ओळी एकाच शाईत आणि सारख्याच सुबक अक्षरात होत्या. सरकारची ही बाजू मला नेहमीच थक्क करते. जाताना त्यांनी सगळ्या जिल्ह्यांत एकच प्रोग्राम असावा म्हणून आमच्याकडेही मूळचा बसवायला सांगितलं. महिन्याभरात तो ‘पिंक’ करत परत आला आणि मी ड्रॉवर उघडला.

नोटिशीला पोलेने तीन ओळींत उत्तर दिलं. कुठं चुकलं, काय लिहायला हवं होतं, आता काय केलं. खुलासा असमाधानकारक ठरला. त्यात खंतही नव्हती आणि विनंतीही नव्हती, म्हणून. पुढच्या आठवड्यात मी रजेवर असताना त्याच्या बदलीचा हुकूम आला, आणि परतलो तोवर तो जिल्ह्याबाहेर गेलेला होता. धुरपताबाईला वसतिगृहाची जागा मिळाली, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र पोले उभा आहे तो तपासणीच्या दिवशीचा. वरच्या साहेबांची जीप नुकतीच निघाली होती आणि ‘परवा या’ म्हणून सांगितलेली धुरपता आली. पोले काउंटरच्या आतून बोलला नाही. फळी उचलून बाहेर आला, व्हरांड्यात तिच्यासमोर उभा राहिला आणि टिप्पणीची नक्कल तिच्या हातात दिली.

“मला वाचाया येतंय, पर ह्ये सरकारी हाय,” ती म्हणाली. “तुमी वाचा.”

व्हरांड्यात रांग होती. बोरीचे, चारठाण्याचे, कुठकुठले. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. शिपाई चहाचे कप घेऊन मध्येच थांबला. पोले खणखणीत आवाजात वाचू लागला. श्रीमती धुरपता किसन शिंगाडे, राहणार पेडगाव, यांच्या अर्जात कोणतीही त्रुटी नव्हती. त्यांना पाठवलेल्या चिठ्ठीतील मजकूर अनावश्यक व अपमानकारक होता. सदर चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.

“त्यो कोन, निम्न काय म्हनला त्यो?”

“मी.”

“म्हंजी माझं चुकलं नव्हतं.”

“न्हाई बाई. काईच न्हाई.”

तिने मागे वळून रांगेकडे एकदा पाहून घेतलं. पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावून नीट उभी राहिली.

“पुन्यांदा वाचा,” ती म्हणाली.

पोलेने कागद सरळ केला आणि जावक क्रमांकापासून पुन्हा सुरुवात केली.